सामाईक मुद्रक

एकाच विहिरीवर अनेक हिस्सेदारांचा हक्क असला, म्हणजे पाणी कितीही मुबलक असो, पाळ्या ठरल्यावाचून कोणाचेही शेत नीट भिजत नाही, हे आपल्या खेड्यांस पूर्वापार ठाऊक आहे. कचेरीतल्या किंवा ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रिंटरचा, म्हणजे मुद्रकाचा, व्यवहार याच जातीचा असतो. मात्र तेथे एका मेजावर विंडोज, दुसऱ्यावर मॅक आणि तिसऱ्यावर लिनक्स नांदत असल्यामुळे, पाळीच्या आधी भाषेचा तंटा मिटवावा लागतो.

या तंट्याचे मूळ दुहेरी आहे. मजकूर मुद्रकापर्यंत कोणत्या वाटेने न्यावा, यासाठी बर्कलीच्या युनिक्सने एलपीडी, विंडोजने एसएमबी आणि ॲपलने ॲपलटॉक अशा निरनिराळ्या वाटा धरल्या. आणि पोहोचलेला मजकूर त्यास कोणत्या भाषेत सांगावा, यासाठी ॲडोबीची १९८४ सालची पोस्टस्क्रिप्ट, एचपीची पीसीएल अशा भाषा निर्माण झाल्या. ड्रायव्हर हा त्या भाषांचा दुभाषी. तो चुकीचा नेमला, की पत्राऐवजी अगम्य चिन्हांनी भरलेले कागद एकामागून एक बाहेर पडू लागतात.

ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी तारेवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण करून विंडोजच्या जगाची वाट युनिक्सला खुली केली. त्या उद्योगातून सांबा हे साधन जन्मास आले. परंतु दुसऱ्याची वाट ओळखून घेणे वेगळे आणि सर्वांनी मिळून एक राजमार्ग बांधणे वेगळे. तो राजमार्ग म्हणजे १९९९ साली प्रसिद्ध झालेला इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजेच आयपीपी. त्यात संगणक प्रथम मुद्रकालाच विचारतो, की तुझ्याजवळ कोणत्या मापाचा कागद आहे, रंग आहेत काय, दोन्ही बाजूंनी छापता येते काय. आणि उत्तर मिळाल्यावर त्याच्या ऐपतीनुसार काम सोपवितो. मायकेल स्वीट यांची कप्स ही छपाईव्यवस्था याच पायावर उभी राहिली व २००२ साली ॲपलने ती मॅकमध्ये स्वीकारली. पुढे २०१० सालचे एअरप्रिंट व त्यानंतरचे आयपीपी एव्हरीव्हेअर यांनी छपाईच्या भाषाही ठरवून दिल्या, तेव्हा प्रत्येक यंत्रासाठी निराळ्या दुभाष्याची गरज पुष्कळच कमी झाली.

म्हणून नवा मुद्रक घेताना एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर या नावांची खातरजमा करून घ्यावी. जुना, केवळ यूएसबीचा मुद्रक असेल, तर तो लिनक्सच्या संगणकास जोडून कप्समध्ये सामाईक करावा. राउटरवर त्या संगणकाचा पत्ता कायम करावा, नाहीतर पत्ता बदलताच सर्वांचे काम अडते. मॅक बहुधा त्या मुद्रकास आपणहून शोधून काढतो, आणि विंडोजमध्ये इंटरनेट प्रिंटिंग क्लायंट ही सोय चालू करून कप्सचा पत्ता द्यावा. पोर्ट ६३१ हा कप्सचा दरवाजा स्थानिक जाळ्यापुरताच उघडा ठेवावा, बाहेरच्या इंटरनेटला नव्हे. सामाईक विहिरीलाही कठडा लागतोच.

एवढा बंदोबस्त झाला, की कोणाचा कागद कोणत्या संगणकावरून आला हे मुद्रकास विचारावे लागत नाही. रांगेत ज्याचे काम आधी रुजू झाले, त्याची पाळी आधी. नव्या किमती यंत्राला आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला तेथे सारखाच हक्क मिळतो, आणि हा हक्क कोणा एका कंपनीच्या मेहेरबानीने नव्हे, तर सर्वांना वाचता येणाऱ्या लेखी कराराने मिळालेला आहे, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.