थोड्या खर्चांत चांगला पाइप

पाइप ओढणाऱ्या गृहस्थाचें चित्र मनांत आणलें, कीं त्याच्याबरोबर आरामखुर्ची, पेटलेली शेकोटी आणि भरलेला खिसा हीं तिन्ही आपोआप येतात. हें चित्र कादंबऱ्यांनीं आणि जाहिरातींनीं रंगविलें. पाइपाचा इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाहीं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत तंबाखू ओढण्याची चाल पडली, ती पांढऱ्या मातीच्या चिमुकल्या पाइपांतून. पुढें तंबाखू स्वस्त होत गेली तसा हा मातीचा पाइप खलाशी, गाडीवान, शेतमजूर अशा साऱ्यांच्या तोंडीं दिसूं लागला. हॉलंडांतील गौडा आणि इंग्लंडांतील ब्रोझली हीं गांवें या धंद्यासाठीं गाजलीं. पाइप फुटला तर कोणी हळहळत नसे. तुकडे फेकून दिले जात आणि दुसरा घेतला जाई. टेम्स नदीला ओहोटी लागली म्हणजे लंडनांत तिच्या कांठच्या चिखलांत ते तुकडे अजूनहि सांपडतात.

या पाइपाचा ठिसूळपणा एक वेळ चालून जाई, पण त्याचा ताप सोसत नसे. माती लवकर तापते आणि ती उष्णता हाताला व ओठाला पोंचते. महाराष्ट्रांत चिलमीच्या खालच्या तोंडाला ओली छापी गुंडाळतात, ती धूर निवावा आणि ओठ पोळूं नयेत म्हणूनच. १७९५ सालीं झ्योमरिंग या जर्मन वैद्यानें पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला होणाऱ्या कर्करोगाकडे लक्ष वेधलें होतें. त्यानंतरच्या वैद्यकानें तंबाखूच्या धुराचा तोंड, घसा आणि फुप्फुसें यांवर होणारा घातक परिणाम निःसंशय सिद्ध केला आहे. तेव्हां चांगला पाइप म्हणजे निरुपद्रवी पाइप, असा अर्थ कोणीं घेऊं नये. तसा पाइप कोणत्याहि किंमतीला मिळत नाहीं, आणि मिळतो असें सांगणारा दुकानदार पहिल्याच वाक्याला अविश्वासास पात्र ठरतो. चांगला पाइप म्हणावयाचें तें इतक्याच अर्थानें, कीं तो हात पोळीत नाहीं, जीभ भाजीत नाहीं, त्याच्या तळाशीं पाणी सांचून गुरगुरत नाहीं आणि तो वर्षानुवर्षें टिकतो.

या गुणांचा मेळ ज्या लाकडांत पडला, त्याचें नांव ब्रायर. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या डोंगरउतारांवर, म्हणजे कॅलाब्रिया, कॉर्सिका, सार्डिनिया, ग्रीस, अल्जीरिया या भागांत, हीथ जातीचें एक झुडूप वाढतें. त्याचें मूळ आणि खोड जेथें मिळतात, तेथें जमिनीलगत एक मोठी गाठ धरते. कित्येक वर्षें वाढून पक्व झालेली अशी गाठ खणून काढतात आणि ओलाव्यांत झांकून ठेवतात, कारण उन्हांत वाळली तर ती तडकते. मग तिचे ठोकळे कापून पाण्याच्या मोठ्या हंड्यांत तासन्‌तास उकळतात, म्हणजे आंतला चीक निघून जातो. आणि नंतर महिनोन्‌महिने सावलींत सुकवितात. हें लाकूड इतकें घट्ट आणि चिवट असतें, कीं निखारा अगदीं लगत असूनहि तें सहसा पेट घेत नाहीं. शिवाय थोडासा ओलावा तें शोषूनहि घेतें. फ्रान्समध्यें जुरा डोंगरांतील सेंट क्लोद हें गांव चरकावर लाकडी वस्तू उतरविणाऱ्या कारागिरांचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें ब्रायरचे पाइप होऊं लागले आणि थोड्याच वर्षांत ते जगभर गेले.

आतां किंमतीचा प्रश्न. एकाच पोत्यांतले ठोकळे घेऊन एकाच यंत्रावर पाइप केले, तरी त्यांतला एक दुसऱ्याच्या कितीतरी पट किंमतीला विकला जातो. असें कां व्हावें? गाठ जमिनींत वाढत असतांना खडे आणि माती पोटांत घेते, आणि ठोकळा कोरूं लागल्याशिवाय आंत काय दडलें आहे तें कळत नाहीं. शेवटचा हात फिरवितांना पाइपाच्या अंगावर टांचणीच्या डोक्याएवढा खळगा उघडा पडला, कीं तो पहिल्या प्रतींतून उतरला. ज्यावर असा एकहि डाग नाहीं आणि ज्याच्या लाकडाच्या रेषा ज्वाळेप्रमाणें उभ्या सरळ गेल्या आहेत, असे पाइप शेंकड्यांत मोजकेच निघतात. त्यांची जी जबर किंमत पडते ती या दुर्मिळतेची, आणि वर कारखान्याच्या नांवाची. डोळ्यांना सुख देणारी वस्तु महाग असावी यांत वावगें कांहीं नाहीं. पण धुराला त्या रेषा दिसत नाहींत, हें बेताच्या प्राप्तीच्या माणसानें लक्षांत ठेवावें.

मग डाग निघालेल्या पाइपांचें काय होतें? कांहींच्या खळग्यांत लुकण भरून वर गडद रंग देतात. कांहींचें अंग हत्यारानें खडबडीत कोरतात. कांहींवर वाळूचा मारा करतात. त्यानें मऊ भाग झडून कठीण भागाच्या वळ्या वर उठतात. १९१७ च्या सुमारास लंडनच्या डनहिलनें असा वाळूचा पाइप पुढें आणला, आणि उणीव झांकण्याच्या कामीं येणारी ही रीत पुढें शोभेचीच म्हणून मागितली जाऊं लागली. याच डनहिलच्या घरांतून, पहिल्या प्रतीला न उतरलेला माल खपविण्यासाठीं, पार्कर या नांवाची वेगळी पेढी निघाली. डब्लिनच्या पीटरसननें तर अशा मालावर ‘आयरिश सेकंड्‌स’ असा सरळ शिक्काच मारला. शिक्का वेगळा असला तरी लाकूड एकाच जातीचें असतें आणि भोंक पाडणारा हातहि बहुधा तोच असतो. म्हणून थोड्या पैशांत नवा ब्रायर घ्यावयाचा असेल, तर नांवाजलेल्या कारखान्याचा दुय्यम प्रतीचा माल हा सर्वांत शहाणपणाचा सौदा होय. लुकणाचे दोनतीन ठिपके बाहेरच्या अंगावर असले तर खुशाल असावेत. मोठा डाग अगदीं तळाशीं, जेथें उष्णता सर्वांत जास्त तेथें, असेल तर मात्र पाइप परत ठेवावा.

खरी परीक्षा घ्यावयाची ती भोंकाची. पाइप साफ करण्याची केसाळ तार तोंडांत धरण्याच्या टोंकाकडून आंत सरकवावी. ती कोठेंहि न अडखळतां वाटीच्या तळाशीं निघाली, तर कारागिरानें काम मन लावून केलें आहे असें समजावें. भोंक वाटीच्या अगदीं बुडाशीं आणि मधोमध उघडलें पाहिजे. तें वर उघडलें तर खालची तंबाखू कधींच धड जळत नाहीं. ती ओली होऊन बुडाशीं चिकटते आणि पाइप गुरगुरूं लागतो. नळी दांडींत नीट बसते कीं सैल हालते, तिचें टोंक दांतांत धरण्यासारखें पातळ आहे कीं जाड, वाटीची भिंत सर्व बाजूंनीं सारखी आहे कीं एका अंगाला बारीक झाली आहे, हेंहि पाहावें. आणि फार चकाकणाऱ्या पाइपापासून जपावें. चांगल्या पाइपाला मेणाची झळाळी असते. हलक्या मालावर रोगणाचा जाड लेप असतो, तो लाकडाचीं छिद्रें बुजवितो आणि तापला म्हणजे त्याला फोड येतात. या परीक्षेला पांच मिनिटें पुरतात, आणि दुकानदाराला ती आवडत नसेल तर तेंहि एक उत्तरच आहे.

इतकाहि खर्च झेपत नसेल त्याच्यासाठीं अमेरिकेनें फार साधी सोय करून ठेविली आहे. मिसुरी राज्यांत वॉशिंग्टन नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें हेन्री टिबी नांवाचा हॉलंडहून आलेला कातारी राहत असे. १८६९ सालीं एका शेतकऱ्यानें त्याला मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा पाइप चरकावर उतरवून मागितला. तो इतका पसंत पडला, कीं टिबीनें आणखी केले, आणि १८७८ सालीं बुरकुंडाचीं छिद्रें प्लॅस्टरनें भरून काढण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. त्याच्या कारखान्याचें नांव ‘मिसुरी मीरशॉम’. जाड बुरकुंडाचा मका मुद्दाम लावून, तीं बुरकुंडें दीर्घकाळ सुकवून तेथें आजहि पाइप होतात आणि अगदीं थोड्या डॉलरांत मिळतात. दुसऱ्या महायुद्धांतील छायाचित्रांत जनरल मॅकआर्थरच्या तोंडांत दिसणारा तो लांब पाइप याच कारखान्याचा. बुरकुंडाला ब्रायरचें आयुष्य नाहीं. पण तें वजनाला हलकें, धुराला सौम्य आणि पहिल्या दिवसापासून वागावयाला गुणी. हलक्या प्रतीच्या रोगण लावलेल्या ब्रायरपेक्षां तें केव्हांहि बरें.

ब्रायरऐवजीं दुसऱ्या लाकडाचे पाइपहि स्वस्त मिळतात. त्यांच्याविषयीं डेन्मार्कची हकीकत पुरेशी बोलकी आहे. १९४२ सालीं युद्धामुळें ब्रायर येईना, तेव्हां पौल नील्सेन यानें देशी लाकडाचे पाइप करावयास सुरुवात केली. युद्ध संपून ब्रायर मिळूं लागतांच त्यानें तें लाकूड सोडलें, आणि स्टॅनवेल या नांवानें त्याचे जे पाइप प्रसिद्ध झाले ते ब्रायरचे. तुर्कस्तानांतील एस्किशेहिरच्या पांढऱ्या मीरशॉम दगडाचे पाइप सुंदर असतात. मात्र स्वस्तांत जे मिळतात ते पुष्कळदां दगडाचा चुरा दाबून केलेले असतात, म्हणून त्या वाटेस न गेलेलें बरें.

आणखी एक गोष्ट विकत घेणाऱ्याच्या सहसा लक्षांत येत नाहीं. ओढून झालेल्या पाइपाच्या लाकडांत ओलावा मुरलेला असतो, आणि तो सुकावयाला निदान एक दिवस लागतो. रोज तोच पाइप ओढला तर तो आंबट होतो, मग कितीहि मोलाचा असो. म्हणून सारे पैसे एका पाइपांत घालण्यापेक्षां दोन साधे घ्यावेत आणि आलटूनपालटून वापरावेत. श्रीमंताच्या एकुलत्या एक पाइपापेक्षां गरिबाचे दोन अधिक दिवस टिकतात.

परंतु या सर्वांहून मोठा लाभ असतो तो जुन्या बाजारांत. एखाद्या वृद्धाच्या पश्चात् त्याचे पाइप खोक्यांत पडून राहतात आणि घरांतलीं माणसें ते मातीमोलानें विकून टाकतात. लंडनच्या पोर्टोबेलो रस्त्यावरच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत, लिलावांत, भंगारवाल्याच्या टोपलींत पन्नास-साठ वर्षांपूर्वींचें, पक्कें वाळलेलें लाकूड नव्या सामान्य पाइपाच्या भावांत हातीं येतें. मात्र येथें डोळे उघडे पाहिजेत. वरचा कांठ काळा पडला असेल तर घाबरूं नये. तो बहुधा वरवरचा डाग असतो आणि पुसतां येतो. वाटीच्या बाहेरच्या अंगावर एकाच जागीं काळसर डाग किंवा केसासारखी भेग दिसली, तर लाकूड आंतून जळत आलें आहे. नळी बसते तेथें दांडीला उभी चीर गेली असेल, किंवा नळी दांतांनीं चावून भोंक पडलें असेल, तर दुरुस्तीचा खर्च पाइपापेक्षां जास्त होईल. नळी हिरवट-तपकिरी दिसत असली तर तो दोष मानूं नये. ती गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असते, उजेडानें आणि हवेनें तिचा रंग असा बिघडतो. बारीक कांचकागद पाण्यांत भिजवून घासला आणि मग पॉलिश केलें, कीं काळा रंग परत येतो. विक्रेते अशा मळक्या नळीमुळेंच भाव पाडतात, हें घेणाऱ्याचें भाग्य.

घरीं आणल्यावर पहिलें काम वाटींतल्या काजळीचें. वर्षानुवर्षें जमलेला जाड थर तापला म्हणजे लाकडाहून निराळ्या मानानें फुगतो आणि वाटी उकलते. म्हणून तो बोथट सुरीनें हलक्या हातानें खरवडून नाण्याच्या जाडीएवढाच ठेवावा. नळी काढावयाची ती पाइप थंड असतांना आणि पिळून. ओढून काढूं नये. मग वाटींत कापूस भरून त्यावर शुद्ध मद्यार्काचे थेंब सोडावेत, भिजेल इतकेच, आणि पाइप रात्रभर तसाच उभा ठेवावा. सकाळीं कापूस तपकिरी झालेला दिसतो. पूर्वींच्या मालकाची तंबाखू त्यांत उतरलेली असते. फारच डागाळला असेल तर नवा कापूस घालून हीच क्रिया पुन्हां करावी. नंतर दांडीच्या भोंकांतून मद्यार्कांत बुडविलेली तार फिरवावी, ती पांढरी निघेपर्यंत, आणि पाइप चारपांच दिवस उघड्यावर सुकत ठेवावा. मद्यार्काचा वास पुरता गेल्याखेरीज त्याला विस्तव दाखवूं नये.