बचावात्मक निराशावाद
पुढे वाईटच घडेल असे धरून चालण्याच्या वृत्तीला निराशावाद म्हणतात. तिचा एक उपयुक्त प्रकार, बचावात्मक निराशावाद, ज्युली नोरेम आणि नॅन्सी कॅन्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडला. यात माणूस अपेक्षा कमी ठेवतो, काय काय बिघडू शकते याचा तपशीलवार विचार करतो आणि त्यानुसार तयारी करतो. अशाने चिंता आटोक्यात राहते आणि अपयशाचा धक्काही सौम्य होतो. रायपूरच्या सदर बाजारातील सराफी व्यवहारात ही सावध वृत्ती दिसते. अडीअडचणीला मोडता किंवा गहाण ठेवता यावे म्हणूनही कुटुंबे सोने घेतात. सराफ जुना दागिना पारखल्याशिवाय स्वीकारत नाही. तयारीविना नुसते वाईट चिंतल्याने मात्र हतबलताच वाढते.