टीव्हीची घूं-घूं

वर्धा जिल्ह्यातला मे महिना कसा असतो, हे आमच्याकडच्या वाचकांना सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घरोघरी कूलर सुरू होतात. गेल्या उन्हाळ्यात हिंगणघाटच्या आमच्या घरी कूलर लागला आणि त्याच आठवड्यात टीव्हीतून घूं-घूं असा आवाज येऊ लागला. बातम्या ऐकताना अम्मी वैतागायच्या. म्हणायच्या, "बेटा, यात भुंगा शिरला की काय?"

असा आवाज कुठून येतो हे घरच्या घरी ओळखता येते. आधी टीव्ही म्यूट करावा. तरीही घूं-घूं चालू राहिली, तर ती स्पीकरमधली नाही. आतल्या पॉवर सप्लायमधून किंवा पडद्यामागच्या दिव्यांच्या सर्किटमधून येते. ब्राइटनेस कमी-जास्त केल्यावर ती बदलत असेल, तर बहुधा दिव्यांच्या सर्किटचाच दोष. ते काम मेकॅनिकचे. म्यूट केल्यावर आवाज थांबला, तर टीव्ही बंद करून एकेक वायर काढून पाहावी.

आमच्याकडे म्यूट केल्यावर आवाज थांबला. केबलची वायर काढली तेव्हाही थांबला. याचे कारण असे: आपली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. घराची अर्थिंग एकीकडे आणि केबलची दुसरीकडे असते. या दोहोंत व्होल्टेजचा फरक पडला की केबलच्या बाहेरच्या जाळीतून थोडा करंट वाहतो आणि स्पीकरमधून घुमतो.

शेजारच्या भाईजाननी तोडगा सांगितला, "प्लगची जाड पिन जोडूच नका." आम्ही बाजारातून दोन पिनांचा जोड आणून लावला. आवाज गायब! अम्मी खूश, आम्हीही खूश.

चार दिवसांनी मुलगी पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरत होती. कूलर चालूच होता. ती एकदम मागे सरकली. "अब्बू, हाताला झिणझिण्या आल्या!" पायात चप्पल होती, म्हणून एवढ्यावरच निभावले. अल्लाहचे लाख शुक्र.

वायरमनला बोलावले. त्याने सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला, तर ४० व्होल्ट! हा आकडा शून्याच्या जवळ हवा. कूलरच्या पंपाची वायर सोलली गेली होती. तो करंट जमिनीत जायला हवा होता. पण आमची काळी माती उन्हात आकसते, तिला भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत झाला होता. जमिनीत जायला वाट नसलेला करंट घरातल्या प्रत्येक तीन पिनांच्या वस्तूपर्यंत पोचत होता. टीव्ही त्यामुळेच घुमत होता. तो आम्हाला खबर देत होता आणि आम्ही त्याचेच तोंड बंद केले होते.

पंप बदलला. कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा नव्याने भरला. मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. करंट बाहेर फुटला की तो क्षणात वीज तोडतो. टीव्हीला पुन्हा तीन पिनांचा प्लग लावला आणि घूं-घूं आली नाही.

वाचकांना विनंती एवढीच. प्लगची जाड पिन कधीही काढू नका किंवा बिनजोडीची ठेवू नका. कूलरमध्ये पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लगही काढा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी घाला आणि कूलर लावण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. टीव्हीचे मागचे झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत काही वेळ करंट साठलेला असतो.

अम्मी आता टीव्ही जरा खरखरला, तरी आधी कूलर बंद करायला लावतात. आम्ही निमूट उठतो.