‘येत नाहीत’ की ‘येता येत नाही’?



आपल्या कामाविषयी मंडळ्यांमधून बोलताना एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : “तुम्ही लोक एवढं करता, तरी पाड्यावरची मुलं शाळेत का येत नाहीत?” प्रश्न कळकळीने विचारलेला असतो. पण ‘येत नाहीत’ म्हटले की दोष मुलांचा किंवा आईबापांचा ठरून जातो, आणि पुढे फक्त समजूत घालणे उरते. तोच प्रश्न ‘त्यांना येता का येत नाही?’ असा विचारला, की आपण कारण शोधू लागतो. कारण सापडले की उपाय बहुतेक वेळा हाताशीच असतो. या अंकात त्याविषयीच थोडे लिहितो.

आमचे काम रबाळ्यातून चालते. इथे एमआयडीसीचे कारखाने आहेत, नव्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत, जुने गावठाण आहे आणि कातकरी बांधवांची वस्तीही आहे. महाराष्ट्रातील तीन जमाती केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानल्या आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना धंदा. जंगल हातचे गेले तसा तोही गेला. आज ठाणे, पालघर आणि रायगड जिल्ह्यांतील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे शाळेचे वर्ष ऐन रंगात असते तेव्हा मूल भट्टीवर असते. अशा मुलाला नवे दप्तर दिले तर ते आनंदाने घेते, पण दप्तराने त्याची शाळा चालू राहत नाही.

असा पेच आपल्याच भागात फार पूर्वी दोन बायांनी सोडवला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी उघडली, पण आदिवासी आणि दलित वस्तीतली मुले तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीत नेली आणि घरापुढच्या अंगणात मुले जमवली. तीच अंगणवाडी. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हा शब्द देशभर पोहोचला.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. तिथे नव्या अडचणी उभ्या राहिल्या. मोठी मुले दिवसभर गुरे राखायला जात. गुरे सोडून शाळेत बसा, असे त्या घरांना सांगण्यात अर्थ नव्हता, कारण गुरे राखणे हा घराच्या पोटापाण्याचा भाग होता. म्हणून शिक्षकच साहित्य घेऊन कुरणात जाऊ लागले, आणि कुरणशाळा सुरू झाली. मुली येत नसत, कारण आई मजुरीला गेली की धाकटे भावंड त्यांच्या कडेवर असे. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली. तिचे नाव विकासवाडी. शिकवण्याची महागडी साधने परवडणारी नव्हती, तेव्हा शिंपले, बिया, पाने आणि खडे वापरले. ती वस्तू मुलांच्या ओळखीचीच होती, त्यामुळे मुले बुजली नाहीत.

प्रत्येक वेळी क्रम तोच आहे, हे आपल्या लक्षात येईल. आधी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिले, मग शाळा त्या दिवसात बसवली. वीटभट्टीवरच्या मुलांसाठीही पुढे तसेच घडले. भट्टीवर मजूर कच्च्या विटा रचून जी तात्पुरती झोपडी उभारतात तिला भोंगा म्हणतात. वसई परिसरात विवेक पंडित आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद संस्थेने भट्ट्यांवर मुलांसाठी वर्ग सुरू केले आणि त्यांना नाव दिले भोंगाशाळा.

आरोग्याच्या कामातही हेच दिसते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ संस्था स्थापन केली. आदिवासी माणसे दवाखान्यात यायला बिचकत. कारण विचारले तेव्हा कळले की मोठ्या इमारतीत त्यांना भीती वाटते, आजाऱ्याजवळ घरच्यांना राहू देत नाहीत, आणि डॉक्टर-नर्स घालतात ते पांढरे कपडे त्यांच्याकडे मृताच्या कापडाची आठवण देतात. मग शोधग्राममधले रुग्णालय झोपड्यांच्या गावासारखे बांधले. नातेवाइकांना जवळ राहण्याची सोय केली, आणि त्याला नाव दिले त्या लोकांच्याच देवीचे, माँ दंतेश्वरीचे.

त्यांचे श्वास मोजण्याचे साधनही तसेच. न्युमोनिया झालेले बाळ भरभर श्वास घेते. तान्ह्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास होऊ लागले तर धोका समजावा. गावातल्या सुईणीला साठपर्यंत मोजणे अवघड जाई, पण दहापर्यंत नीट मोजता येई. मग वाळूचे एक मिनिटाचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी आला, तर बाळाला औषध हवे. बाळाचा जीव सुईणीच्या मोजणीवर होता. तिला काय येत नाही याची यादी न करता, तिला काय येते त्यावर उपाय उभा राहिला.

आमच्या अनुभवावरून यातल्या तीन गोष्टी कुणालाही करता येतील असे वाटते.

पहिली : ‘का नाही केलंस?’ असे विचारू नये. त्याने समोरचा माणूस जबाब देऊ लागतो. “ताई, तुमचा दिवस पहाटेपासून कसा जातो?” असे विचारावे आणि मध्ये न बोलता ऐकावे. घरकामाला येणाऱ्या मावशी रोज उशिरा येत असतील, तर कदाचित त्यांच्या वस्तीत पाणी त्याच वेळी येत असेल. एवढे कळले तर वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलून दोन्ही घरांची कटकट मिटते.

दुसरी : नवीन काही विकत आणण्याआधी समोरच्याजवळ काय आहे ते पाहावे. अंगण, शिंपले आणि दहापर्यंतची मोजणी आधीपासून तिथेच होती.

तिसरी : थोडे करून बघावे आणि पुन्हा त्यांनाच विचारावे. पाड्यावरची माणसे पाहुण्याचे मन राखायला “बरं आहे” म्हणतात. खरे उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मिळते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. समजून घेणे म्हणजे सगळे चालवून घेणे नव्हे. पुष्कळ कुटुंबे भट्टीवर जातात ती मालकाकडून घेतलेल्या उचलीपोटी. ती फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवला जात असेल तर ती वेठबिगारी आहे, आणि १९७६ च्या कायद्याने तिला बंदी आहे. तिथे नुसती कल्पक शाळा पुरत नाही, हक्कासाठी उभे राहावे लागते. पण हेही कळते ते आधी नीट विचारले तरच. ‘आईबापांना शिक्षणाची किंमत नाही’ असे म्हणून आपण थांबलो, तर उचलीपर्यंत पोहोचतच नाही.

यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आपणा सर्वांना माहीत आहे. त्याला काय हवे ते उघड दिसत होते, तरीही प्रभूने ते आधी त्याच्याच तोंडून ऐकून घेतले.

म्हणून या तिमाहीत आपणाला एक विनंती आहे. दिवाळीनंतर कुटुंबे भट्टीवर निघतील. यंदा पाड्यावरच्या आयांनी विचारल्यावर सांगितले, “आजीपाशी पोरं ठेवू, पण आजीला दोन वेळचं पोरांना घालायला कुठून?” दप्तरे देऊ इच्छिणाऱ्या मंडळींनी या वर्षी ती रक्कम तांदूळ, डाळ आणि तेलासाठी द्यावी. आजीच्या चुलीवर मुलाचे जेवण शिजले, तर ते मूल मार्चपर्यंत वर्गात बसेल. जुन्या दप्तरासह बसले तरी चालेल.