परवान्याची स्कूटर आणि बंदीतला कांदा

'नंबर लागला' या दोन शब्दांना सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतील मध्यमवर्गीय घरांत केवढे मोल होते, हे आजच्या पिढीला समजावून सांगणे अवघड आहे. नंबर म्हणजे स्कूटरचा. पुण्यालगतच्या आकुर्डीत तयार होणारी 'बजाज चेतक' हवी असेल, तर आगाऊ रक्कम भरून नाव नोंदवायचे आणि वाट पाहायची. ही प्रतीक्षा कित्येकदा दहा वर्षांपर्यंत लांबत असे. ज्याचा नंबर आधी लागे, त्याला ती गाडी दुसऱ्याच दिवशी मूळ किमतीहून अधिक दराने विकता येई. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग असण्याचा हा चमत्कार भारतीय समाजवादाच्या नावावर जमा आहे.

कारखानदाराला अधिक गाड्या बनवायच्या नव्हत्या, असे मात्र नव्हे. त्याला तशी मुभा नव्हती. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्यानुसार कोणी, काय, कोठे आणि किती उत्पादन करायचे, हे दिल्लीतून मिळणाऱ्या परवान्यावर ठरत असे. परवान्यातील क्षमतेपेक्षा ठरावीक मर्यादेबाहेर अधिक माल काढणे हा अपराध होता. टंचाई असलेल्या देशात जास्त उत्पादन केल्याबद्दल शिक्षेची तरतूद असावी, यातच त्या व्यवस्थेचा अंतर्विरोध सामावलेला आहे.

ही व्यवस्था मूर्खपणातून जन्मली नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशाकडे भांडवल नव्हते, यंत्रे नव्हती. १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास आदी उद्योगपतींनीच मांडलेल्या 'बॉम्बे प्लॅन'मध्ये दहा हजार कोटी रुपयांच्या पंधरा वर्षांच्या नियोजनाचा आणि सरकारी हस्तक्षेपाचा पुरस्कार होता. पुढे १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने 'समाजवादी धर्तीच्या समाजरचने'चा ठराव केला आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या आराखड्यावर दुसरी पंचवार्षिक योजना उभी राहिली. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञांच्या समितीत बी. आर. शेणॉय यांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९५० ते १९८० या तीन दशकांत अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढली. लोकसंख्याच दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत असल्याने माणशी उत्पन्नातील वाढ दीड टक्क्याच्याही आत राहिली. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर पोहोचला होता. त्याने विषमता मिटली नाही, काळा पैसा तेवढा वाढला.

परवाना पद्धतीचा फायदा नेमका कोणाला झाला, हा खरा प्रश्न आहे. ग्राहकाला नाही, नोकरी शोधणाऱ्या तरुणालाही नाही. परवाना वाटणारा बाबू आणि ज्याच्या हाती तो आधीच पडला आहे असा उद्योजक, या दोघांना झाला. स्पर्धकच नसेल तर मालाचा दर्जा सुधारण्याची घाई कोणाला असणार? गरिबांच्या नावाने उभारलेली ही तटबंदी प्रत्यक्षात प्रस्थापितांचे रक्षण करत होती. म्हणूनच ती कोसळू लागल्यावर, १९९३ मध्ये, परदेशी कंपन्यांशी बरोबरीच्या अटींवर स्पर्धा हवी, असा आग्रह धरणाऱ्या 'बॉम्बे क्लब'मध्ये देशातील बडे उद्योगपती दिसले. राहुल बजाज त्यांत अग्रभागी होते.

मग मोकळी बाजारपेठ हेच एकमेव उत्तर होते काय? दक्षिण कोरियाचा दाखला नेहमी दिला जातो. १९६० च्या सुमारास तो देशही दरिद्रीच गणला जाई. आज तेथील दरडोई उत्पन्न भारताच्या दहापटीहून अधिक आहे. परंतु तेथेही पंचवार्षिक योजना होत्या, बँका सरकारने ताब्यात घेतल्या होत्या आणि पोलादाचा अवाढव्य कारखाना सरकारनेच काढला. फरक असा, की कोरियन सरकारने संरक्षणाच्या बदल्यात उद्योगांकडून निर्यात वसूल केली. त्याआधी जमिनीचे फेरवाटप केले, मुलांना शाळेत घातले. भारतात मात्र १९९१ च्या जनगणनेतही साक्षरता ५२ टक्केच होती. समाजवादाचा उच्चार करणाऱ्या राज्यकर्त्यांनी शाळेकडे कारखान्याइतके लक्ष दिले नाही, ही चूक बाजारपेठेच्या माथी मारता येत नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशी तारण ठेवावे लागले. त्याच महिन्याच्या २४ तारखेला, डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला त्याच दिवशी, नरसिंह राव सरकारचे नवे औद्योगिक धोरण संसदेत आले आणि १८ उद्योग वगळता परवाना पद्धत संपुष्टात आली. नंतरच्या दशकांत विकासदर सहा टक्क्यांच्या पुढे गेला. सुरेश तेंडुलकर समितीच्या निकषांनुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या १९९३-९४ मधील ४५ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये २२ टक्क्यांवर आली. याचे सारे श्रेय १९९१ ला देणे योग्य नाही. विकासाचा वेग ऐंशीच्या दशकातच वाढू लागला होता. तरीही स्कूटरची रांग मोडली ती परवाना मोडल्यावरच.

आकुर्डीपासून फार दूर नसलेल्या चाकणला मात्र ही कहाणी निराळी आहे. आज मोटारी-दुचाकींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव १९८० च्या सुमारास कांदा आंदोलनाने गाजले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचा सवाल साधा होता : शेतमालाला भाव मिळू लागताच सरकार निर्यात का रोखते? जोशींनी पुढे खुल्या अर्थव्यवस्थेचे उघड स्वागत केले, त्यामागेही हेच कारण होते. पण उद्योगांना लाभलेला मोकळेपणा शेतीपर्यंत पोहोचला नाही. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा राहिला, साठ्यावरील मर्यादा राहिल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात थांबवली. शहरांत भाव चढू नयेत, हा हेतू. नाशिक, पुणे, नगर जिल्ह्यांतील उत्पादकांना त्याची झळ बसली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, ती ४० टक्के निर्यात शुल्कासह. सप्टेंबरात ते निम्मे झाले आणि १ एप्रिल २०२५ रोजी रद्द झाले. तोवर दोन हंगामांचा कांदा बाजारात येऊन गेला होता.