हरणासाठी गोळी किती मोठी?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली, आणि ‘हरणासाठी कोणत्या कॅलिबरची रायफल घ्यावी’ हा प्रश्न आपल्याकडे उरला नाही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मात्र तो आजही चर्चिला जातो, एवढेच नव्हे तर तेथील कायद्यांनीही त्याची दखल घेतली आहे. ब्रिटनमधून लांडगा केव्हाच नामशेष झाला. अमेरिकेच्या मोठ्या भागातूनही तो नाहीसा झाला. नैसर्गिक शत्रू न उरल्याने हरणांची संख्या वाढते, पिके आणि कोवळी रोपे फस्त होतात. त्यामुळे परवाना, हंगाम आणि नियम यांच्या चौकटीत तेथे शिकारीला मुभा आहे. ही मुभा देताना एक अपेक्षा गृहीत धरलेली असते. प्राणी तत्काळ मरावा, जखमी होऊन रानात तडफडत राहू नये. कॅलिबरचा प्रश्न या अपेक्षेशी जोडलेला आहे.

कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे रायफलीच्या नळीचा अंतर्व्यास आणि पर्यायाने तिच्यातून सुटणाऱ्या गोळीचा व्यास. तो इंचाच्या दशांशात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. मात्र केवळ या आकड्यावरून गोळीचे सामर्थ्य कळत नाही. ‘.३०-३० विंचेस्टर’ हे काडतूस १८९५ मधील, तर ‘.३०-०६ स्प्रिंगफील्ड’ हे १९०६ मधील. दोहोंतील गोळीचा व्यास एकच, ०.३०८ इंच, म्हणजे सुमारे ७.८ मिलिमीटर. फरक आहे तो काडतुसात भरलेल्या दारूचा आणि तिच्या दाबाचा. पावणेदहा ग्रॅमची गोळी पहिल्या काडतुसातून सेकंदाला सुमारे ७३० मीटर वेगाने निघते, दुसऱ्यातून सुमारे ८९० मीटर वेगाने. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्या फरकानेही ती जवळपास दीडपट होते.

कायद्याची किमान मर्यादा

म्हणूनच कायदे केवळ व्यासावर थांबत नाहीत. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार, काही लहान जाती वगळता, हरणासाठी रायफलीचे कॅलिबर किमान ०.२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा किमान २,३०५ ज्यूल असावी लागते. स्कॉटलंडच्या नियमांत गोळीचे वजन, वेग आणि ऊर्जा यांच्या मर्यादा आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्य तर ऊर्जा नळीपाशी न मोजता १०० यार्डांवर मोजते. कारण नळीपाशी कितीही जोर असला तरी प्राण्यापर्यंत जो पोहोचतो तोच कामाचा.

इंग्लंडच्या कायद्यातील आणखी एक अट भारतीय वाचकाला विचारात पाडेल. हरणावर झाडायची गोळी मऊ किंवा पोकळ टोकाची असावी लागते. अशी गोळी शरीरात शिरताच पसरते आणि मोठी जखम करते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात तयार झालेली ‘दमदम’ गोळी याच प्रकारची. १८९९ च्या हेग घोषणेने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. युद्धात जे क्रौर्य मानले गेले ते शिकारीत सक्तीचे झाले. यात वरवर विसंगती दिसते, पण उद्देश निरनिराळे आहेत. सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे असते. त्यापलीकडच्या यातना निरर्थक ठरतात. प्राण्याच्या बाबतीत मात्र रेंगाळणारे मरण हीच यातना असते.

मोठे ते चांगले?

मग सर्वांत शक्तिशाली काडतूसच का घेऊ नये? त्याचे उत्तर शिकाऱ्याच्या खांद्यात आहे. गोळी पुढे जाताना रायफल मागे धक्का देते. १९५५ मध्ये आलेल्या ‘.२४३ विंचेस्टर’ची साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने जाते आणि मध्यम आकाराच्या हरणाला पुरेशी ठरते. तेवढ्याच वजनाच्या रायफलीत ‘.३०-०६’चा धक्का तिच्या सुमारे दुप्पट असतो. धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी दचकतो आणि नेम चुकतो.

हरणाच्या पुढच्या पायामागे, बरगड्यांआड हृदय आणि फुप्फुसे असतात. तेथे लागलेली बेताची गोळी प्राण्याला काही क्षणांत संपवते; पोटात लागलेल्या भारी गोळीने मात्र तो कित्येक तास जिवंत राहू शकतो. बळापेक्षा अचूकता मोलाची, हे सूत्र येथून येते.

अंतराचा प्रश्नही असाच. २००७ मध्ये आलेले ‘६.५ क्रीडमूर’ हे काडतूस लांबट, निमुळत्या गोळीमुळे आणि सौम्य धक्क्यामुळे लोकप्रिय झाले. अशा गोळ्या वाऱ्याला कमी दाद देतात. तरीही ४०० मीटर कापायला त्यांना सुमारे अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात हरीण एक पाऊल पुढे टाकू शकते. शिवाय चुकलेली गोळी कोठे जाईल, हाही विचार असतो. शेते आणि घरे एकमेकांत मिसळलेल्या ओहायो राज्याने २०१४ पासून हरणासाठी रायफलीला परवानगी दिली, ती कमी पल्ल्याच्या, सरळ भिंतींच्या काडतुसांपुरतीच.

शिशाचा प्रश्न

अलीकडे निवडीत आणखी एक निकष आला आहे. शिशाच्या गोळीचे बारीक कण शिकारीच्या अवशेषांत राहतात. ते खाऊन कॅलिफोर्नियातील दुर्मीळ काँडर गिधाडांना विषबाधा होत असल्याने त्या राज्याने २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. पर्याय आहे तांब्याचा. पण तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच आकाराची गोळी वजनात कमी भरते. हे लक्षात घेऊन स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठी गोळीच्या किमान वजनाची अट साडेसहा ग्रॅमवरून सुमारे ५.२ ग्रॅमवर आणली.

अर्थात काडतुसाची किमान मर्यादा ठरवता येते. ते हाताळणाऱ्याच्या हाताची मर्यादा पेटीवर छापता येत नाही. फिनलंडमध्ये म्हणूनच मूससारख्या मोठ्या हरणाच्या शिकारीपूर्वी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. जेथे अशी परीक्षा सक्तीची नाही तेथे, आपला नेम किती अंतरापर्यंत खात्रीचा आहे आणि त्यापलीकडे चाप ओढायचा नाही, हे शिकाऱ्याला स्वतःच ठरवावे लागते.