मॉडेल कितीचं?

बुलेटवाल्याला "मॉडेल कितीचं?" म्हणून विचारलं की मराठवाड्यात दोनच उत्तरं मिळतात. एक, "पंचावन्नचं." दुसरं, "मिलिटरीची आहे." नांदेडच्या देगलूर नाक्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत ही उत्तरं मी इतकी ऐकलीत, की १९५५ साली मद्रासला बनलेली प्रत्येक बुलेट बहुधा आमच्याच दोन जिल्ह्यांत उतरवली असावी!

पंचावन्न हा आकडा हवेतून आलेला नाही. त्या वर्षी इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डनं मद्रास मोटर्सला सोबत घेऊन एनफिल्ड इंडिया काढली. आधी विलायती भागांची नुसती जोडणी, मग १९६२ पर्यंत सगळे भाग इथलेच. पुढे विलायतेतली बुलेट बदलत गेली. मद्रासनं मात्र पंचावन्नचा साचा चाळीस वर्षांहून जास्त जवळपास तसाच चालवला. उजव्या पायाला गिअर, डाव्याला ब्रेक, हेडलाइटला धरून बसवलेला तोच मुखवटा. १९६८ ची आणि १९८८ ची गाडी शेजारी उभी केली तर जाणकारही आधी खाली वाकून बघतो. नुसत्या रूपावरून साल सांगणारा माणूस एक तर थापा मारतोय किंवा गाडी विकतोय.

बाकीच्यांची हजेरी चटकन घेऊ. जावा म्हैसूरला १९६१ पासून, येझदी १९७३ पासून, रोडकिंग १९७८ पासून. दूधवाल्यांची राजदूत १९६२ ची, मूळची पोलंडची. तीनशे पन्नासची राजदूत १९८३ ची. आरएक्स हंड्रेड १९८५ ची. तेव्हा कुणी "बहात्तरची रोडकिंग" दाखवायला लागला तर चहा प्यावा आणि निघावं. टाकीवरच्या नावावर तर मुळीच जाऊ नये. जावाची टाकी येझदीवर आणि येझदीची जावावर चढवण्यात आमच्या मिस्त्रींची हयात गेली आहे.

साल शोधायचं तर आधी आकडा शोधायचा. तो इंजिनच्या केसवर असतो आणि हँडल जिथे बसतं त्या नळीवर. तिथे रंगाचे पाच-सहा थर असतात. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं ठेवायचं, रंग मऊ झाला की पुसायचं. मग खडूची भुकटी चोळायची आणि बॅटरी समोरून न मारता बाजूनं, तिरपी मारायची. खाचा पांढऱ्या होऊन उठतात. वर पातळ कागद धरून पेन्सिल घासली की छाप निघतो. आरटीओत घेतात तोच प्रकार. त्या काळी आकडे पंचनं ठोकत, त्यामुळे एखादा आठ थोडा कलंडलेला असला तर घाबरू नये. घाबरायचं ते कानशीच्या ओरखड्यांना. धातूची कातडी आकड्यांपुरतीच गुळगुळीत दिसली, की खालचा जुना आकडा कुणीतरी उडवलेला आहे. जावाचा इंजिन आणि चेसी नंबर एकच असायचा, म्हणून तिथे तपासणी सोपी. युद्धकाळातल्या बीएसए या विलायती गाडीचे दोन आकडे मात्र कारखान्यातूनच वेगळे निघत. ते जुळत नाहीत म्हणून चांगल्या गाडीला "जोडगाडी" ठरवणारे महाभाग मी पाहिले आहेत.

बीएसएचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आवडीच्या भानगडीकडे येतो. उदगीरला एका जुन्या वाड्यात बीएसए एम ट्वेंटी आहे. मालक छातीठोक सांगायचे, "सत्तेचाळीसचं मॉडेल, आजोबांची पावती आहे." पावती उर्दूत. उर्दू शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी ती वाचली आणि म्हणाले, "तीर, १३५६ फसली." निजामाच्या राज्यात सरकारी कारभार फसली सालावर चाले आणि ते साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यात बदले. म्हणून आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसलीत ५९० मिळवायचे आणि पुढे ५९१. तीर हा आठवा महिना. म्हणजे साधारण मे १९४७. मालक खूश. पण इंजिनवर "डब्ल्यूएम २०" होतं. बीएसएत १९३९ च्या गाडीला के अक्षर आणि १९४० पासून युद्धातल्या गाड्यांना डब्ल्यू. अशा सुमारे सव्वा लाख एम ट्वेंटी फौजेसाठी बनल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या विकल्या गेल्या. पावती खरी, इंजिनही खरं. सत्तेचाळीस हे विक्रीचं साल. मॅग्नेटो लुकासचा असला तर त्याच्या अंगावर महिना-साल ठोकलेलं सापडतं, पण ते मॅग्नेटोपुरतं. नेमकं साल हवं असेल तर इंग्लंडातला १९४६ पासूनचा व्हिंटेज मोटर सायकल क्लब बीएसएच्या जुन्या नोंदवह्या पाहून तसं प्रमाणपत्र देतो.

या एका गाडीची कागदं बघा. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले; १९६० ला महाराष्ट्र; १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाला. गाडी वाड्यातून हललीही नाही आणि तिचं सरकारी घर इतक्यांदा बदललं. प्रत्येक बदलीत नव्या पुस्तकात कारकुनानं उत्पादनाचं साल कशावरून लिहिलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आमचे देगलूर नाक्यावरचे वस्ताद म्हणतात तेच खरं: "बुक क्या देखते साब, गाडी देखो."

मिलिटरीच्या बुलेटचं नेमकं उलटं. "पंचावन्नच्या" गाड्यांचं वय फुगवलेलं असतं, हिचं कागदावर घटलेलं. फौजेच्या पाटीवर वर तोंड केलेला बाण आणि त्यापुढचे दोन आकडे म्हणजे फौजेनं गाडी घेतली ते साल. लिलावात निघाली की पाटी जाते आणि आरसी बुकात बहुतेकदा लिलावानंतरच्या नोंदणीचं साल चढतं. अशा वेळी मी सीट काढून मडगार्डची आतली बाजू बघतो. वरून काळीभोर गाडी असो, तिथे लष्करी हिरवा रंग निघाला की उत्तर बदललं.

हे सगळं आता नुसत्या हौसेपुरतं राहिलेलं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्रानं विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं ओलांडलेली, मूळ रूपातली दुचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण हिशेब नोंदणीपासून. मग १९६८ ला बनून १९८४ च्या लिलावात सुटलेल्या बुलेटची पन्नाशी कधी धरायची? शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. उदगीरच्या मालकांना मी हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मग बाजारला काय पायी जाऊ?" आणि हैदराबादला जाणं झालंच तर एम ट्वेंटीची क्लच केबल आणा, म्हणून माप लिहून दिलं.